घर नव्याने बांधताना आधी दारे, मग तारा
अमळनेरसारख्या गावातले जुने धाब्याचे घर उतरवून तुम्ही नवे बांधत असाल, तर विटांचा पहिला थर रचण्यापूर्वी प्रत्येक दार कोणत्या बाजूला उघडणार हे नकाशावर लिहून ठेवा. कारण स्विचबोर्ड कडीच्या बाजूला हवा, आणि दाराची बाजू मागाहून बदलली की तो उघड्या दारामागे दडतो. आमच्या घरी नेमके हेच झाले आणि नवा गिलावा फोडावा लागला.

खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून कूलरच्या खिडकीजवळ स्वतंत्र सॉकेट द्या, आणि एसी आज घ्यायचा नसला तरी त्यासाठी ४ चौरस मिलिमीटरची तार थेट मुख्य पेटीपासून आणा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग यांत काटकसर करू नका.

इंटरनेटची केबल विजेच्या पाइपातून कधीही नेऊ नका. स्लॅब आणि जाड भिंती वायफाय अडवतात, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर कॅट-६ केबल वेगळ्या पाइपातून न्या. तिची १०० मीटर लांबीची मर्यादा घरात सहसा ओलांडली जात नाही. पुढे नवी तार ओढता यावी म्हणून पाइपात ओढदोरी सोडून ठेवा, आणि पाइप कुठे आहेत हे नंतर कळावे म्हणून गिलाव्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी धरून छायाचित्र घ्या.