‘मी एवढं करते, तरी तो माझ्यावरच का ओरडतो?’

समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न घेऊन येणारे मोठे बहीण-भाऊ मला बरेचदा भेटतात. घरातल्या धाकट्याला मोठा अपघात झालेला असतो. जीव वाचलेला असतो, हाडंही जुळत आलेली असतात, आणि नेमकी तेव्हाच घरात भांडणं सुरू होतात. कोल्हापूरच्या एका ताईची आणि तिच्या भावाची गोष्ट दोघांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भाऊ 24 वर्षांचा, नोकरीला रत्नागिरीत. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या गाडीत घालून तो रात्रीच बहिणीकडे निघाला. आंबा घाट चढून मलकापूरच्या अलीकडे समोरून आलेल्या टेम्पोची धडक बसली. डोक्याला मार, मांडीचं हाड मोडलेलं, बरेच दिवस आयसीयू. मांडीत रॉड बसवून डिस्चार्ज मिळाल्यावर ताईने त्याला आपल्याच घरी आणलं, कारण गावाकडे आई-वडिलांच्याने हे सगळं होणारं नव्हतं.

दोघं माझ्याकडे आली तेव्हा तो वॉकर सोडून काठीवर आला होता. मी त्याला विचारलं, “झोप लागते का रे?” उत्तर ताईने दिलं, “कुठली हो मॅडम, दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागा असतो.” जेवणाचं विचारलं, तेही तिनेच सांगितलं. तो भिंतीकडे बघत होता. मग मी ताईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्याबरोबर तो म्हणाला, “मॅडम, माझा पाय मोडलाय, हात नाही. ती मला अजून भरवायला बघते.”

ताईची बाजू वेगळी होती. तिने बिनपगारी रजा काढली होती, सासूबाईंचे टोमणे ऐकले होते, रात्री त्याच्या खोलीत खाली गादी टाकून झोपत होती. आणि त्याने एका संध्याकाळी, मिक्सर चालू असताना, ताट भिंतीवर फेकलं. “असा नव्हता हो तो,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तेव्हा सगळ्यात आधी या रागाबद्दल. मेंदूचा पुढचा भाग राग आवरतो, काम आखतो, ‘थांब’ म्हणतो. त्याला मार लागला की माणूस लवकर भडकतो आणि लवकर थकतो. मिक्सर, टीव्ही आणि चार माणसांचं बोलणं एकदम कानावर आलं की त्याला ते सहन होत नाही. बाहेरून जखम दिसत नाही, पाय सुधारलेला दिसतो, म्हणून घरच्यांना वाटतं की आता हा मुद्दाम करतोय. डोक्याच्या मारानंतर सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते, पुढे दोनेक वर्षं आणि त्यानंतरही ती हळूहळू होत राहते. हे ऐकल्यावर ताई रडली, आणि मला वाटतं त्यात सुटका जास्त होती. भाऊ कृतघ्न झालेला नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

पण ताट फेकणं चालवून घ्यायचं नाही, हेही मी त्याच्यासमोरच सांगितलं. डोक्यात सणक येतेय असं वाटलं की त्याने हात वर करायचा आणि आतल्या खोलीत जायचं, कुणी मागे जायचं नाही. दुपारी खोलीत अंधार करून तासभर पडायचं. फिजिओ आणि पाहुणे एका दिवशी ठेवायचे नाहीत.

पाहुण्यांच्या विषयावर मात्र मी जास्त वेळ बोलले, कारण त्रासाचं मूळ बरंचसं तिथे होतं. आपल्याकडे बघायला येणं ही माया असते, मला तिचा आदर आहे. पण येणारा प्रत्येक जण शहाळं ठेवून विचारतो, “नेमकं झालं कसं?” आणि जाताना म्हणतो, “थोडक्यात वाचलास, नशीब समज.” पहिल्या प्रश्नाने त्याला ती रात्र पुन्हा उकरावी लागते. दुसऱ्या वाक्यानंतर दुखतंय, भीती वाटते, असं म्हणायची सोयच उरत नाही. अपघाताविषयी माणसाला बळेबळे बोलतं केल्याने तो लवकर सावरतो, हा समज चुकीचा आहे. त्याला बोलावंसं वाटेल तेव्हा ऐकणारं कुणीतरी हवं, एवढंच. दाजींनी ही जबाबदारी घेतली. दारातच सांगायचे, “अपघाताचं काही विचारू नका, क्रिकेटवर बोला.”

त्याला हॉर्नने दचकायला व्हायचं, हेडलाइटची स्वप्नं पडायची, गाडीत बसायचं म्हटलं की घाम फुटायचा. अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असं अनेकांना होतं आणि ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं, तर आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. त्याला मी तसं पाठवलं. तिथल्या सल्ल्याने आधी तो उभ्या गाडीत नुसता बसू लागला, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग रंकाळ्यापर्यंत. स्वतः गाडी चालवणं मेंदूचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद, दारूही बंद. डोकेदुखी वाढत जाणं, उलट्या, फिट, गुंगी यांतलं काही दिसलं तर समुपदेशकाची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि ‘मी गेलो असतो तर बरं झालं असतं’ असं तो म्हणाला, तर विषय बदलायचा नाही. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. अशा वेळी त्याला एकटं सोडायचं नाही. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं हे सुचलं नाही तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

मदतीचा नियम मी ताईला एकच दिला. हात लावण्याआधी विचारायचं, आणि तो ‘नको’ म्हणाला तर बसून राहायचं. दाढी करायला त्याला पाऊण तास लागतो? लागू दे. गोळ्यांचा डबा त्याच्या उशाशी गेला. विसरतो म्हणून मोबाइलचा अलार्म आणि एक वही, ज्यात गोळी घेतली की तोच खूण करतो. ताईने फक्त रात्री वही बघायची. गादी हॉलमध्ये हलली. नुकसानभरपाईचं काम दाजींकडे दिलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, हे दवाखान्याच्या धावपळीत घरं विसरतात. एफआयआर, पंचनामा, बिलं, डिस्चार्ज कार्ड पहिल्यापासून एका फाइलमध्ये ठेवावं.

एवढं होऊनही ताई मागे हटेना. त्याचं कारण तिने एकटीने भेटायला आल्यावर सांगितलं. त्या संध्याकाळी तिनेच फोन केला होता, “रात्रीच निघ, उद्या मला सुट्टी आहे, आणि पेट्या विसरू नकोस.” हे तिने घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. ती भरवत होती, जागत होती, ती त्या फोनची भरपाई करत होती. मी तिला ‘तुझा काही दोष नाही’ असं म्हटलं नाही, ते तिने दाजींच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं असतं तरी तिला पटलं नसतं. मी म्हटलं, हे त्याला सांग, माझ्यासमोर सांग.

तिने सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, मला फोन आठवतच नाही. दुपारी जेवलो, तेवढं आठवतंय. मला तर वाटायचं मलाच डुलकी लागली असणार, आणि तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय.”

डोक्याला मार लागल्यावर अपघाताच्या आगेमागचे तास मेंदूत नोंदलेच जात नाहीत, म्हणून ते पुढेही बहुधा परत येत नाहीत. ती मोकळी जागा दोघंही आपापल्या अपराधाने भरत होती. मी दोघांना एवढंच सांगितलं की पंचनाम्यात आहे तेवढं खरं धरा, त्यापुढचे अंदाज एकमेकांना सांगू नका. त्या दिवशी दाजींनी फाइल आणली आणि त्याने पंचनामा पहिल्यांदा स्वतः वाचला.

राग अजून येतो, आधीइतका नाही. कंपनीने त्याला अर्धा दिवस काम द्यायची तयारी दाखवली आहे. त्याला रत्नागिरीला खोलीवर एकट्याने राहायचंय. ताई म्हणते दिवाळीपर्यंत थांब. पुढच्या भेटीला दोघांनी आपापली कारणं लिहून आणायची आहेत, आणि त्याचा कागद आधी वाचायचा असं ताईनेच सुचवलं आहे.