पायाचं दुसरं बोट लांब, म्हणून स्थळ नाकारायचं?

प्रश्न : माझ्या दिराचं लग्न जमत आलंय, मुलगी सगळ्यांना पसंत आहे, पण व्हॉट्सॲपवर "चायनीज पद्धतीने पायावरून स्वभाव" असा एक तक्ता फिरतोय, त्यात अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब असेल तर बायको नवऱ्याला मुठीत ठेवते असं आहे. मुलीचं बोट नेमकं तसंच, आणि सासूबाई अडून बसल्यात. चीनमध्ये खरंच असं शास्त्र आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, परंपरा आहे, आणि बरीच जुनी आहे. देहाच्या लक्षणांवरून माणूस ओळखायच्या चिनी विद्येत चेहऱ्याला सगळ्यात जास्त मान, पण पायही बघतात. मिंग घराण्याच्या काळातल्या (चौदावं ते सतरावं शतक) "शेन्शियांग छ्वानबियान" नावाच्या मोठ्या संग्रहात पायावर वेगळं प्रकरणच आहे, त्यात पाय म्हणजे जमीन, सगळ्यात खाली असून अख्खं अंग वाहणारा. रुंद, लांब, मऊ पाय म्हणजे पैसा आणि मान, अरुंद नि राठ पाय म्हणजे हाल. आता शेतात अनवाणी राबणाऱ्याचा तळवा मऊ कुठून असणार, म्हणजे नशीब वाचतोय म्हणताना तो माणूस गरीब की श्रीमंत एवढंच वाचलं जातं, असं मला स्पष्ट वाटतं.

तळव्यावरचा तीळ तर राजयोगच. त्याआधीच्या तांग घराण्याच्या काळातल्या आन लुशान नावाच्या सैनिकाची गोष्ट सांगतात, तो एका सेनापतीचे पाय धूत असताना त्याच्या तळव्यावरचा तीळ बघत राहिला, सेनापती म्हणाला हे माझं भाग्याचं लक्षण, तर हा म्हणतो माझ्या दोन्ही पायांना आहेत. पुढे तो खरंच मोठा सेनापती झाला, 755 साली बादशहाविरुद्ध बंड केलं, आणि 757 साली स्वतःच्याच मुलाच्या कटात मारला गेला.

आणि बायकांचं काय? पोथीत रुंद पाय भाग्याचा, पण त्याच देशात शतकानुशतकं लहान मुलींची बोटं तळव्याखाली दुमडून पाय करकचून बांधायचे कारण इवल्या पावलांच्या मुलीला चांगलं स्थळ मिळायचं. 1912 मध्ये नव्या प्रजासत्ताकाने त्यावर बंदी घातली, तरी खेड्यापाड्यात पुढेही चालूच होतं. हे वाचलं की मला फार त्रास होतो.

शुनत्झ या चिनी विचारवंताने तर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच या विद्येविरुद्ध अख्खं प्रकरण लिहिलंय, त्याचं म्हणणं अंग बघण्यापेक्षा मन बघा.

राहिलं लांब बोट. त्यासाठी चीनपर्यंत जायलाच नको, आपल्या जुन्या ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहिता या ग्रंथातच अशा बाईला नावं ठेवलीत, आणि "पांढऱ्या पायाची" म्हणून सुनांना छळणारेही आपलेच. बहुतेक वेळा अंगठ्यामागचं हाड जरा आखूड असतं म्हणून दुसरं बोट पुढे दिसतं, अशी माणसं भरपूर आहेत, पुरुषही. सासूबाईंना घरातल्या सगळ्यांचे पाय बघायला सांगा, दिराचेसुद्धा. आणि हा तक्ता मुलीच्या घरी पोचायच्या आत दिरानेच आईशी बोलावं, ते काम तुमच्यावर येऊ देऊ नका.