गाडी कोणती ते नंतर, आधी किल्ली काढून घ्या

नाशिकहून एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. वय ४७, अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात मॅनेजर. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ४७ हजार हातात पडतात. मुलगा बारावी सायन्सला, येत्या मे महिन्यात अठरा पूर्ण करेल. मुलगी आठवीत. दारात २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. आता मुलगा गाडी चालवणार म्हणून घरात खल सुरू आहे: १३ लाखांची छोटी एसयूव्ही घेऊन जुनी गाडी मुलाला द्यायची, की जुनी आपल्याकडे ठेवून मुलासाठी साडेसहा लाखांची नवी छोटी गाडी घ्यायची? शोरूमची सूट डिसेंबरअखेर संपते, म्हणून उत्तर लगेच हवं आहे.

लगेच देतो. दोन्ही नको. कारणं पुढे येतीलच, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या तिसऱ्या पानावरच्या एका वाक्याबद्दल बोलू. तुम्ही ते अगदी जाता जाता लिहिलं आहे: "मुलगा गेलं दीड वर्ष सफाईदार गाडी चालवतो, गंगापूर रोडच्या क्लासला स्वतःच घेऊन जातो, त्यामुळे शिकवायचा प्रश्न नाही."

म्हणजे सोळाव्या वर्षापासून, लायसन्सशिवाय, तुमच्या नावावरची गाडी. आणि तुम्ही मला विचारताय की लोन पाच वर्षांचं घेऊ की सात.

कायदा आधी सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर दोषी पालक आणि गाडीचा मालक. तुमच्या घरात हे दोन्ही तुम्हीच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं" असं सिद्ध करता आलं तर पालक सुटू शकतो. तुमचं हे पत्र पाहता ती वाट बंद आहे.

पण मी पैशांचा सल्लागार आहे, तेव्हा पैशांचं बोलू. २५ हजार ही यातली चिल्लर आहे. खरी रक्कम समोरच्या माणसाची आहे. अपघातात कुणी दगावलं तर भरपाई कशी काढायची याची पद्धत सुप्रीम कोर्टाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिली आहे. समजा तीस वर्षांचा, पक्क्या नोकरीतला, ४० हजार पगाराचा माणूस. वर्षाचे ४ लाख ८० हजार. पुढच्या पगारवाढीपोटी त्यात निम्मी भर, झाले ७ लाख २० हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, उरले ४ लाख ८० हजार. त्या वयाला गुणक, म्हणजे ही रक्कम किती पटीने धरायची तो आकडा, १७. झाले ८१ लाख ६० हजार. वर किरकोळ बाबी आणि अर्ज केल्या दिवसापासूनचं व्याज.

"पण थर्ड पार्टी विमा (समोरच्याच्या नुकसानीचा) आहे ना!" आहे. मृत्यू किंवा इजेच्या बाबतीत त्याला रकमेची मर्यादाही नाही. पण मालकाने जाणूनबुजून बिनलायसन्सच्या हाती गाडी दिली असेल, तर पॉलिसीची अट मोडली. अशा प्रकरणांत कोर्टं विमा कंपनीला सांगतात की आधी पीडिताच्या कुटुंबाला पैसे दे आणि नंतर मालकाकडून वसूल कर. म्हणजे पीडिताला विमा मिळतो, तुम्हाला मिळत नाही. ८१ लाखांची वसुली तुमच्यावर. तुमच्याकडे एफडी ६ लाख, म्युच्युअल फंड ७ लाख, पीएफ १९ लाख आणि २७ लाखांचं कर्ज असलेला फ्लॅट आहे. बेरीज तुम्हीच करा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर पहिल्या दिवशीच नाकारला जाईल. सोसायटीत सगळ्यांचीच मुलं चालवतात, असंही तुम्ही लिहिलंय. त्या सगळ्यांच्या पालकांना हाच हिशेब लागू आहे.

तेव्हा किल्ली आज काढून घ्या. स्कूटरचीही घ्या. वहिनींची स्कूटर १२५ सीसीची आहे असं तुमच्याच पत्रावरून कळतं. सोळा ते अठरा या वयात मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं असतं. क्लासला सिटीलिंकची बस जाते. पाच महिन्यांचाच प्रश्न आहे. बारावीचं वर्ष आहे, वेळ वाचतो वगैरे मला सांगू नका.

मे महिन्यात अठरा पूर्ण झाली की लर्निंग लायसन्स काढा. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. मधल्या काळात पुढे-मागे लाल एल, शेजारी लायसन्सवाला माणूस. आणि मुलगा कितीही "सफाईदार" असला तरी ड्रायव्हिंग स्कूलचे पाच-सहा हजार भरा. दीड वर्षात तो क्लच-गिअर शिकला असेल, लेनची शिस्त आणि आरसे पाहणं शिकला असेल असं मी तरी धरून चालणार नाही.

आता तुमच्या विम्याकडे वळतो, कारण तिथेही उलटा कारभार आहे. शोरूमने नव्या गाडीसाठी ५८ हजारांचा विमा लावलाय. त्यात झिरो डेप (पार्ट्सचा घसारा न कापता भरपाई) आहे, किल्ली हरवल्याचा विमा आहे, टायरचा आहे, नट-बोल्ट आणि ऑइलचासुद्धा आहे. आणि तुमच्या स्वतःच्या आयुष्याचा? १२ लाख. घरकर्ज २७ लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर ते १२ लाख निम्मं कर्जसुद्धा फेडणार नाहीत, दोन मुलांचं शिक्षण राहिलं बाजूला. बंपरला ओरखडा पडला तर पूर्ण भरपाई, आणि कमावता माणूस गेला तर वहिनींच्या ३२ हजारांवर घर.

हिशेब सोपा ठेवतो. कर्ज २७ लाख, मुलांचं शिक्षण ३० लाख, घरखर्चाला वर्षाचे ६ लाख असे पंधरा-एक वर्षं. त्यातला काही भाग वहिनींचा पगार आणि पीएफ उचलेल. दीड कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, साठीपर्यंतचा. या वयात हप्ता प्रकृतीप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे बदलतो. वर्षाला ४० ते ५० हजार धरून चाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढी सवलत सरकारने दिलीच आहे. पाहा, टर्म प्लॅनचा वर्षाचा हप्ता त्या शोरूमच्या विम्यापेक्षा कमी आहे.

तो १२ लाखांचा विमा ज्या पॉलिसीत आहे तिची गंमत वेगळीच. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने सहा वर्षांपूर्वी "मुलाच्या शिक्षणासाठी" म्हणून गळ्यात मारली. वर्षाला १ लाख २० हजार, बारा हप्ते, पंधराव्या वर्षी हमीचे २४ लाख. मुलगा तेव्हा साडेअकरा वर्षांचा होता. पैसे मिळतील तेव्हा तो सव्विशी ओलांडलेला असेल. इंजिनिअरिंगची फी अठरा ते बावीस या वयात भरायची असते, हे त्या मॅनेजरला माहीत नव्हतं असं नाही; त्याला त्या तिमाहीचं टार्गेट जास्त चांगलं माहीत होतं. परतावा काढला तर सव्वापाच टक्क्यांच्या आसपास.

आता तोच मॅनेजर सांगतोय की पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधीच मोडा, ५ लाख मिळतील, ते गाडीचं डाउन पेमेंट होईल, आणि पुढे मुलीसाठी नवी "शिक्षण योजना" सुरू करू. इथे थांबा. घेताना पॉलिसी वाईट होती, पण आज तोडणं त्याहून वाईट आहे. भरलेले ७ लाख २० हजार विसरून जा आणि फक्त इथून पुढचं पाहा. आज हातात येणारे ५ लाख सोडले आणि उरलेले सहा हप्ते भरले, तर नऊ वर्षांनी २४ लाख. हा परतावा साधारण नऊ टक्के पडतो, आणि हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांतच असल्याने तो करमुक्त आहे. तोटा पहिल्या सहा वर्षांतच कापून झालाय. आता तोडली तर तो तोटा पक्का होईल आणि मॅनेजरला नव्या पॉलिसीचं कमिशन मिळेल. कंपनीकडून सरेंडरचा आकडा आणि २४ लाखांची हमी, दोन्ही लेखी घ्या. आकडे हेच असतील तर पॉलिसी चालू ठेवा, पैसे मुलीच्या उपयोगी पडतील. मॅनेजरचे फोन घेणं बंद केलंत तरी चालेल.

अजून एक वाक्य तुमच्या पत्रात आहे, जे मला दर महिन्याला कुणी ना कुणी लिहितं: "फंडातून १५ टक्के मिळतातच, मग ९ टक्क्यांचं कर्ज काढून गाडी घेणं फायद्याचंच." मिळतातच? ज्या वर्षी बाजार वीस टक्के पडेल त्या वर्षीही ईएमआय तेवढाच असतो. शिवाय तुमच्या त्या ७ लाखांना आठ महिन्यांत काम लागणार आहे. सीईटीनंतर (प्रवेश परीक्षेनंतर) पुण्याचं खासगी कॉलेज मिळालं तर फी, हॉस्टेल, मेस मिळून वर्षाला ३ लाख धरा. पहिल्या दोन वर्षांची फी इक्विटीत, म्हणजे शेअर बाजारात, ठेवायची नसते. ६ लाख आताच टप्प्याटप्प्याने बाहेर काढून लिक्विड फंडात किंवा एफडीत न्या.

घरचं गणित मांडू, पुढचे आकडे महिन्याचे आणि हजारांत. १ लाख ४७ हजारांतून घरकर्जाचे ३६, एसआयपी १०, पॉलिसीचे महिन्याला १०, घरखर्च आणि आईवडिलांची औषधं ५८, मुलांच्या फिया आणि क्लास १६. उरले १७ हजार. तुमच्या योजनेप्रमाणे पॉलिसी तोडली म्हणजे १० सुटले, आणि बारावी संपल्यावर क्लासचे ९ सुटतील. झाले ३६. आता ८ लाखांच्या सात वर्षांच्या लोनचे १३, दुसऱ्या गाडीचं पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा ६, टर्म प्लॅनचे ४, आणि मुलाच्या कॉलेजचे २५. महिन्याला १२ हजारांची तूट, सात वर्षांच्या कर्जासह. गाडी न घेता आणि पॉलिसी चालू ठेवून हेच केलंत तर तूट ३ हजारांची, आणि ती फीसाठी बाजूला काढलेल्या ६ लाखांतून सहज भागते. "पुढच्या वर्षी प्रमोशन अपेक्षित आहे" हे मी हिशेबात धरलेलं नाही. झालं तर आनंद आहे.

आणि एक साधी गोष्ट तुम्हा दोघांच्या नजरेतून निसटलीच: जुलै-ऑगस्टात मुलगा घरात नसेल. ज्याच्यासाठी दुसरी गाडी घ्यायची, तो पुण्यात हॉस्टेलवर, आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात. नाशिकमध्येच ॲडमिशन मिळाली तर प्रश्न पुन्हा काढू, पण ॲडमिशननंतर. डिसेंबरची सूट हुकेल, हुकू द्या. सूट असते कारण जानेवारीत ती गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते.

"जुनी गाडी मुलाला, नवी आपल्याला" ही वाटणी मात्र मला अजिबात पटत नाही. घरातला सर्वांत नवखा ड्रायव्हर सर्वांत कमी सुरक्षित गाडीत. ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आपल्याकडे सक्तीचं झालं २०१९ मध्ये, शेजारच्या सीटची एअरबॅग त्यानंतर. २०१६ च्या अनेक बेस मॉडेलमध्ये यातलं काहीच नव्हतं. तुमचं मॉडेल कोणतं हे तुम्ही लिहिलं नाहीत. बाहेर जाऊन पाहा. दोन एअरबॅग आणि एबीएस असेल तर नवे टायर टाका, ब्रेक तपासून घ्या, तीच गाडी सगळ्यांनी आणखी तीन वर्षं वापरा. नसेल, तर पुढच्या वर्षी ती विकून तीन-चार वर्षं जुनी, दोन्ही गोष्टी असलेली हॅचबॅक घ्या. वरचे अडीच-तीन लाख लागतील. एफडीला हात लावायचा नाही, ती अडीअडचणीची आहे; तोवर प्रमोशन झालं असेल तर त्यातून साठवा.

गाडी बदलाल तेव्हा तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) सोबत न्यायला विसरू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत. सेकंडहँड गाडीसोबत आधीच्या मालकाचा बोनस येत नाही, आणि विमा तुमच्या नावावर करायला चौदाच दिवस असतात.

मुलाला लायसन्स मिळाल्यावर त्याच्या वयामुळे हप्ता वाढत नाही, हे तुमच्या चौथ्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर. पण पॉलिसीतला १५ लाखांचा अपघात विमा फक्त मालक-ड्रायव्हरचा, म्हणजे तुमचा असतो. मुलगा चालवत असेल तर तो त्याला लागू नाही. त्याच्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा. टर्म प्लॅनच्या मानाने हप्ता अगदीच किरकोळ असतो. तो मे महिन्यात, लर्निंग लायसन्सच्या आधी. टर्म प्लॅनचा अर्ज मात्र या आठवड्यात, आणि त्यात तुमची रोजची बीपीची गोळी लपवू नका.