२० फटींची चकती, एक सेन्सर आणि उड्या मारणारा आरपीएम

प्रश्न थोडक्यात असा: शाफ्टवर २० फटींची चकती, यू आकाराचा इन्फ्रारेड सेन्सर, त्याच बोर्डावर एलएम३९३ कंपॅरेटर (व्होल्टेज ठराविक पातळीच्या वर की खाली हे सांगणारी चिप) आणि पुढे पल्स मोजणारा आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. चाक १५०० आरपीएमने (मिनिटाला १५०० फेरे) फिरतंय हे वेगळ्या टॅकोमीटरवर दिसतं, पण इथलं रीडिंग १५०० ते ३४०० मध्ये कुठेही भटकतं. कोडमध्ये डिबाउन्स, म्हणजे एकाच घटनेच्या जादा पल्स गाळणं, घालावा का?

डिबाउन्स जरा बाजूला ठेवा. बटणातला पत्रा थरथरतो म्हणून तिथे तो लागतो, इथे थरथरायला काही नाही. तुमच्या जादा पल्स फटीच्या कडेवर जन्माला येतात. हिशोब करून बघा. फटी मध्यापासून १० मिमीवर असतील तर तिथला परीघ ६२.८ मिमी, म्हणजे एक फट जेमतेम दीड मिमीची. १५०० आरपीएमला सेकंदाला २५ फेरे, म्हणून कडेचा वेग सेकंदाला १.५७ मीटर. सेन्सरची खिडकी १ मिमी रुंद धरली तर ती झाकायला कडेला ०.६४ मिलिसेकंद लागतात, आणि एक फट अधिक एक दांडा (दोन फटींमधला भरीव भाग) यांना मिळून मिळतात फक्त २ मिलिसेकंद. सेन्सरमधून चौकोनी पल्स निघतच नाही. निघते ती टेकडी. एलएम३९३ मात्र साधारण मायक्रोसेकंदात निकाल देतो. टेकडी चढताना थ्रेशोल्डपाशी, म्हणजे निकाल बदलतो त्या पातळीपाशी, मोटरच्या ब्रशचा थोडा जरी विद्युत गोंगाट (नॉइज) सप्लायमधून मिसळला, की एका कडेवर दोन-तीन निकाल लागतात. तुमचं रीडिंग नेहमी वरच सरकतं, खाली कधी येत नाही, त्याचं कारण हेच.

यावर खरा इलाज हिस्टेरेसिस, म्हणजे चढताना एक आणि उतरताना त्याहून खालचा थ्रेशोल्ड. या स्वस्त मॉड्यूलांवर तो बहुधा दिलेलाच नसतो. कंपॅरेटरच्या आउटपुटपासून त्याच्या प्लस इनपुटला १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडा. प्लस इनपुटला १० किलोचे दोन रेझिस्टर असलेला डिव्हायडर असेल तर ५ व्होल्टवर या दोन थ्रेशोल्डमध्ये साधारण पाव व्होल्टाची दरी मिळते, आणि तेवढी पुरते. रेझिस्टर चुकून मायनसला लावलात तर आजार वाढेल, म्हणून आधी ट्रॅक तपासा. बोर्डावर डाग द्यायचा नसेल तर सेन्सरचा अॅनालॉग सिग्नल थेट ७४एचसी१४ या चिपमधून घ्या. त्याच्या आत श्मिट ट्रिगर, म्हणजे हिस्टेरेसिस असलेलं सर्किट, असतोच; आउटपुट उलटं येतं, पण मोजणीला त्याने फरक पडत नाही.

आउटपुट आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. आउटपुट वर ओढणाऱ्या १० किलोच्या पुल-अप रेझिस्टरबरोबर त्याचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे व्होल्टेज किती हळू चढतं याचं माप, १ मिलिसेकंद होतो. १५०० आरपीएमला तुमचा अर्धा पल्सच १ मिलिसेकंदाचा आहे. वेग थोडा वाढला की व्होल्टेज वरच्या पातळीला पोचायच्या आत पुन्हा खाली येतं आणि पल्स गळू लागतात. मग रीडिंग स्थिर दिसतं, पण चूक असतं, आणि हे जास्त वाईट. कपॅसिटर लावायचाच असेल तर १० नॅनोफॅरडचा लावा.

दुरुस्तीआधी मल्टिमीटर घ्या. मोटर बंद ठेवून चकती हाताने फिरवा आणि फोटोट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर व्होल्टेज बघा. फट समोर असताना अर्ध्या व्होल्टाच्या खाली आणि दांडा समोर असताना ४.५ च्या वर हवं. दांड्यावरही ३ व्होल्टच दिसत असतील तर चकतीतून इन्फ्रारेड गळतोय. डोळ्याला काळं दिसणारं पातळ प्लास्टिक त्या प्रकाशाला काळं असेलच असं नाही. अॅल्युमिनियम फॉइल चिकटवून पुन्हा मोजा, लगेच कळेल.

आता कोड. एका सेकंदात किती पल्स आल्या ते मोजून गुणाकार करत असाल तर २० फटींवर एका पल्सची किंमत ३ आरपीएम. त्याहून बारीक दिसणारच नाही. त्याऐवजी वेळ मोजा, पण एका फटीचा नव्हे. फटी कधीच अगदी सारख्या कापलेल्या नसतात आणि चकती शाफ्टवर किंचित वाकडी बसते, त्यामुळे फटीगणिक आकडा हलतो. शेवटच्या २० पल्सच्या वेळा साठवा आणि आताच्या पल्समधून २० पल्स आधीची वेळ वजा करा. पूर्ण फेऱ्यात या सगळ्या चुका आपोआप जुळून जातात. मग आरपीएम म्हणजे ६ कोटी भागिले तो काळ मायक्रोसेकंदांत. १५०० ला काळ ४०,००० येईल. इंटरप्टमध्ये (पल्स येताच मध्येच चालणाऱ्या कोडमध्ये) बदलणारे व्हेरिएबल व्होलाटाइल (volatile) ठेवा आणि मुख्य लूपमध्ये वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा, नाहीतर चार बाइटचा आकडा अर्धा जुना, अर्धा नवा वाचला जातो. चाक थांबलं की पल्सच येत नाही आणि शेवटचं रीडिंग तसंच अडकून राहतं; २ सेकंद पल्स नसेल तर शून्य दाखवा. दशांश मात्र दाखवू नका. उनोवर प्रोसेसरला सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते, म्हणजे १५०० वर ७ आरपीएम.

एवढं झाल्यावर कोडमध्ये ३०० मायक्रोसेकंदांचा लॉकआउट, म्हणजे एका पल्सनंतर तेवढा वेळ पुढच्या पल्सकडे दुर्लक्ष, ठेवायला हरकत नाही. ३००० आरपीएमलाही दोन पल्समध्ये १००० मायक्रोसेकंद असतात, तेव्हा खरी पल्स मरणार नाही. हिस्टेरेसिसशिवाय एकटा लॉकआउट लावलात तर ६०० मायक्रोसेकंदांच्या टेकडीवर दुसरी खोटी पल्स त्यातून सहज निसटेल.

पुढे चकती काढून चाकावर पांढरी पट्टी आणि परावर्तित प्रकाशाचा टीसीआरटी५००० सेन्सर लावणार असाल, तर तो पृष्ठभागापासून २ ते ५ मिमीवर बसवा. पट्टी आसाजवळ लावा. तिथे तेवढ्याच रुंदीची पट्टी जास्त काळ समोर राहते. दिवे चालू, चाक बंद आणि एका पट्टीच्या मोजणीत रीडिंग नेमकं ६००० आलं, तर तो ५० हर्ट्झच्या दिव्याचा सेकंदाला १०० वेळा होणारा लखलखाट आहे. सेन्सरवर काळ्या नळीची टोपी घाला.