अर्धा टक्का नक्की जातो कुठं?

प्रश्न: कॅलिफोर्नियात, सनीवेलमध्ये राहतो. कॉस्टकोच्या बिलावर एवढा सेल्स टॅक्स, त्यातला काही ट्रान्सपोर्टला जातो म्हणे, मग कॅलट्रेनच्या (लोकल गाडीच्या) फाटकावर अजून का ताटकळायचं?

उत्तर: अहो, रास्त तक्रार आहे. 2016 मध्ये तुमच्या सांता क्लारा काउंटीत ‘मेझर बी’ (Measure B) हा सेल्स टॅक्सचा प्रस्ताव मतदानाने पास झाला, 30 वर्षांसाठी अर्धा टक्का, म्हणजे 100 डॉलरच्या खरेदीवर 50 सेंट. भाजी-धान्य आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधं यावर नाही लागत, पण नवा टीव्ही घेतलात की लागलाच. या पैशातून सॅन होजेची बार्ट (मेट्रोसारखी रेल्वे), रस्त्यांचे खड्डे, सायकल लेन आणि तुमच्या मेरी अव्हेन्यूसारखी फाटकं काढून रस्ता नि रूळ वेगळे करायचं काम, असं सगळं व्हायचंय, पण आधी कोर्टात केस झाली त्यात पैसा दोनेक वर्षं अडकून पडला आणि रुळांखालून रस्ता काढणं म्हणजे काही खायचं काम नाही. असा कर लावायला दोन तृतीयांश मतं लागली होती, आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांनी तो भरायचा पण मत द्यायचं नाही, हे मला तरी खटकतं. या पैशाच्या देखरेखीला नागरिकांची कमिटी आहे, तिच्या मीटिंगला कुणीही जाऊन बोलू शकतं, व्हिसा कुणी विचारत नाही, तेव्हा मेरी अव्हेन्यूचं तिथंच विचारा.