स्वतःमधला कोणता चांगला गुण तुम्हाला बदलावासा वाटतो?

लोक ज्याचं कौतुक करतात असा गुण तुम्ही विचारलाय, म्हणून सांगतो: भिडस्तपणा. आमच्या ऑफिसात त्याला 'मनमिळाऊ स्वभाव' म्हणतात. विशेषतः पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार शोधणारी मंडळी.

कर्जदाराने हप्ते थकवले तर संस्था आधी त्याच्याकडून सगळं वसूल करून बघेल, मग आपल्याकडे येईल, असा बहुतेक जामीनदारांचा समज असतो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ वाचा. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. हे पाठ असूनही फॉर्म पुढे आला, बरोबर चहा आला, 'साहेब, तुमच्याशिवाय कोणाला सांगणार?' आलं, की हात पेनाकडे जातो. भीड भिकेची बहीण, हे जुन्या लोकांनी उगाच नाही म्हटलेलं.

पण मला चांगुलपणा कमी करायचा नाही. डीयंग, क्विल्टी आणि पीटरसन या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये अशा सौम्य स्वभावाचे दोन पदर वेगळे करून दाखवले: एक दुसऱ्याबद्दलची कणव, दुसरा वागण्यातली अदब. सहकाऱ्याच्या मुलीच्या फीसाठी झेपतील तेवढे पैसे मी आपणहून देतो. ती कणव, ती राहू दे. जामिनाची सही मात्र समोरच्याचं तोंड उतरलेलं बघवत नाही म्हणून होते. कमी करायची आहे ती ही अदब. (दोन्ही कमी करा, असं घरचं मत आहे.)

स्वभाव बदलतो का? नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना १५ आठवडे छोटी छोटी कामं निवडायला दिली. ज्यांनी ती खरोखर केली त्यांचा स्वभाव हव्या त्या दिशेने थोडा सरकला. ज्यांनी नुसतं ठरवलं त्यांना फायदा झाला नाही.

म्हणून मी एक वाक्य पक्कं केलंय: 'मी कोणालाच जामीन राहत नाही, बाकी काय मदत हवी ते सांगा.' 'घरी विचारून सांगतो' अजिबात म्हणायचं नाही, माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा घेऊन येतो. सुरुवात विमा एजंट असलेल्या नातेवाइकांपासून केली, तिथे सराव भरपूर मिळतो. ऑफिसात पहिला नकार ऐकणारे गृहस्थ काही दिवस फुगून होते. मग त्यांना दुसरा जामीनदार मिळाला. माझ्यापेक्षाही मनमिळाऊ आहे तो.