दहा दिवसांत काय काय दाखवू?

तुझा प्रश्न तसा सरळ आहे. सप्टेंबरात इंग्लंडमधल्या शेफील्डला एमएस्सीला निघालीस, आई-बाबा डिसेंबरात दहा दिवस येऊ म्हणतायत, तर त्यांना काय काय दाखवू आणि किती खर्च येईल. चार ओळींत उत्तर देऊन झोपायचं ठरवलं होतं. आता रात्रीचे साडेबारा वाजलेत आणि यात तुझ्यापेक्षा माझंच पुराण जास्त होणार असं दिसतंय. चालवून घे.

आई-बाबांच्या व्हिसाची फी किती, फॉर्म कुठला, मुलाखत असते का, हे सगळं सरकारी पानावर आहे. ते परत लिहीत नाही. तिथे नसलेलं सांगते.

आमचे पप्पा भुसावळचे, मालगाडीचे लोको पायलट. २०२३ ला निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मी लीड्सला आले. माझा पदवीदान समारंभ डिसेंबर २०२४ ला होता. पाहुण्यांची दोन तिकिटं काढून ठेवलेली. पप्पांचं पेन्शन दरमहा खात्यात येतं, पण पासबुकातली शिल्लक बघून मामा म्हणाले, "एवढ्यावर कोण व्हिसा देतंय?" आणि त्यांनी चार लाख पप्पांच्या खात्यात टाकले. अर्जाच्या बारा दिवस आधी. मीच म्हटलं होतं, टाका. व्हिसा नाकारला. ही रक्कम कुठून आली याचा खुलासा नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं. अपील नसतं, फी परत मिळत नाही, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. समारंभात शेजारच्या मुलीच्या आजीने माझा फोटो काढून दिला. तो आता भुसावळला टीव्हीच्या वर लावलाय. मी घरी फोन केला की व्हिडिओत मागे तोच दिसतो, म्हणून हल्ली साधा फोन करते.

तेव्हा खात्यात जे आहे तेच दाखवा. पेन्शनचा आदेश, वर्षभराचं पासबुक, जमीन असेल तर सातबारा. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर जोडावं लागतं आणि ते स्वतः वाचल्याशिवाय पाठवू नकोस. यावल तालुक्यात आमची थोडी केळीची जमीन आहे, पप्पांच्या आणि काकांच्या नावावर. सातबाऱ्यावरच्या 'पोटखराब क्षेत्रा'चं, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचं, भाषांतर करणाऱ्या पोराने काय केलं होतं माहितीये? 'अपसेट स्टमक एरिया'. शेवटच्या रात्री नजर पडली म्हणून वाचलो. दुसऱ्या वेळी मामांचे पैसे नव्हते, पोटही ठीक होतं, व्हिसा आला. मे २०२५ ला दोघं आले, बारा दिवसांसाठी.

आणि डिसेंबर नको. तुमच्या शेफील्डला डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. २५ तारखेला देशभरात एकही रेल्वे धावत नाही, लंडनची मेट्रो आणि बसही बंद. आई-बाबा येऊन बंद दारं बघतील. मे-जून बघ. त्याची वेगळीच गंमत असते. इथे मे अखेरीस रात्री नऊनंतरही उजेड असतो. आई पहिले दोन दिवस दिवेलागणीची वाट बघत बसली. सात वाजले, आठ वाजले, बाहेर लख्ख. देवापुढे दिवा लावायचा कधी? तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच तोडगा काढला. भुसावळला सात वाजतात तेव्हा, म्हणजे इथल्या दुपारी अडीचला. त्यानंतर आम्ही जिथे असू तिथे अडीच वाजता ती दोन मिनिटं हात जोडून बसायची. बसमध्ये, बाकावर, एकदा चिप्सच्या दुकानात.

खर्चाची एक गोष्ट आधीच सांगते. 'टू टुगेदर' नावाचं रेल्वेचं कार्ड मिळतं. दोघांच्या नावाने, दोघांच्या फोटोसह एकच कार्ड. आम्ही घेतलं तेव्हा ३५ पौंड होतं. दोघं बरोबर असले की तिकिटात एक तृतीयांश सूट, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत चालत नाही. दोन-तीन लांबचे प्रवास केलेस की पैसे वसूल. लंडनमध्ये आईचे गुडघे दुखत असतील तर भुयारी मेट्रोच्या नादी लागू नकोस, जिने फार. बसने फिरा. एका भाड्यात (आम्ही फिरलो तेव्हा १.७५ पौंड) तासाभरात हव्या तेवढ्या बस बदलता येतात आणि वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर वेगळं बघायला जायची गरज नाही. मोठ्या स्टेशनांवरची स्वच्छतागृहं फुकट असतात, म्युझियममधलीही. हे कोणी सांगत नाही, पण आयांची निम्मी सहल त्यावर अवलंबून असते. आणि तूप, पेढे, खवा काही आणू देऊ नकोस, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शेव, पापड, ठेचा चालतो. आईने शेव साडेतीन किलो आणली होती.

आता बघायचं काय. टॉवर ऑफ लंडनला कोहिनूर आहे. आम्ही गेलो तेव्हा तिकीट माणशी पस्तीस-छत्तीस पौंड होतं. आईने तेव्हाच्या भावाने ११४ नी गुणलं, "चार हजार? दगड बघायला?" म्हणाली आणि बाहेर नदीकाठी बसून राहिली. आत मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, उभं राहायचं आणि तो तुम्हाला पुढे घेऊन जातो. पप्पा तीन वेळा फिरून आले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम मात्र फुकट. तिथे टिपूचा वाघ बघ, लाकडी वाघ गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलाय. पप्पांना मात्र वाघनखं बघायची होती. ती तर जुलै २०२४ लाच तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात पाठवलेली, आधी साताऱ्याला. (ती महाराजांचीच का हा वाद इथे नको.) "म्हणजे आपण तिकीट काढून उलट्या दिशेला आलो," पप्पा म्हणाले.

पण एकच जागा दाखवायची असेल तर मी यॉर्कचं रेल्वे म्युझियम सांगेन. तुझे बाबा रेल्वेत नाहीत हे कळतंय मला. तरी सांगते, कारण त्या दिवसाचं कोणाला सांगितलेलंच नाही.

प्रवेश फुकट. आत मधोमध इंजिन वळवायचं फिरतं चक्र आणि भोवती इंजिनं. निळं मॅलार्ड आहे, ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल गेलेलं, वाफेवरचं तेवढं कोणी गेलं नाही. पप्पा त्याच्यापाशी दोन मिनिटं थांबले आणि मागच्या एका प्रचंड काळ्या इंजिनाकडे गेले. चीनच्या रेल्वेसाठी बनवलेलं, लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीत. पप्पांचे डोळे मोठे झाले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिची साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं त्याच कारखान्यातली. हे भुसावळच्या रेल्वे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पप्पांनी त्या इंजिनाला हात लावला. पाटी होती, हात लावू नका.

तिथला स्वयंसेवक आजोबा धावत आला. मी माफी मागायला पुढे झाले, तेवढ्यात पप्पा म्हणाले, "आय फायरमन. स्टीम. थ्री इयर." आजोबा थांबला. तोही तरुणपणी फायरमन, वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारा. मग जे चाललं त्यात माझी गरज नव्हती. इंजेक्टर, रेग्युलेटर, व्हॅक्यूम, शंटिंग, सिग्नल. पप्पांचं इंग्रजी म्हणजे रेल्वेचं इंग्रजी, आणि त्या हॉलमध्ये तेवढंच लागत होतं. दोघांनी हवेत फावडं मारून दाखवलं, कोळसा आधी मागच्या कोपऱ्यात टाकायचा की मधे यावर बहुतेक मतभेद झाला. दीड तास. आई बाकावर, घड्याळात अडीच. त्या आधीचे चार दिवस पप्पा माझ्या मागून चालत होते, तिकीट मी काढायची, ऑर्डर मी द्यायची, बस आली की "चढू का?" मला विचारायचे. चारशे वॅगनी ओढलेला माणूस नसेल, पण अठ्ठावन्न तरी ओढायचा. तो दरवाजापाशी माझी परवानगी मागत होता, आणि मला ते आवडत होतं हे मी आजच कबूल करतेय.

एकटेपणाचं तू विचारलंयस. त्याचं फार काही नसतं गं. पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, गणपतीला जाऊन ये. पुढे.

लंडनचा शेवटचा दिवस पप्पांनी स्वतः ठरवला होता. १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनपासून चालत. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकत असताना या घरात राहायचे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं, आता स्मारक आहे. रस्ता इतका शांत की आपण चुकून कोणाच्या दारात आलो असं वाटतं. आत खोल्या, पलंग, टेबल, पुस्तकं. पप्पांनी चपला काढल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी. खोलीत बराच वेळ उभे राहिले. मग हळूच, मराठीत, तिथे आणखी लोक होते म्हणून अगदी हळू, म्हणाले, "विद्यार्थ्याची खोली बघायला एवढ्या लांब आलो. तुझी कधी दाखवतेस?"

मी त्यांना बाराही दिवस भाड्याच्या फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. माझ्या घरमालकाला पाहुणे चालत नाहीत असं सांगितलं होतं. ते खोटं होतं. सहा जणांचं घर आहे, एक न्हाणीघर, माझ्या खोलीच्या भिंतीला ओल येते आणि दर नोव्हेंबरात काळी बुरशी धरते. आणि मी 'डेटाचं काम' करते असं जे घरी सांगितलंय, ते म्हणजे गोदामात रात्री दहा ते सहा खोकी भरणं. शिक्षणाप्रमाणे नोकरी मिळाली, पण व्हिसा पुरस्कृत (स्पॉन्सर) करणारी नाही मिळाली, म्हणून ती गेली. माझा व्हिसा जानेवारीत संपतो. ते तू मला विचारू नकोस, मी पण विचारत नाही.

तेव्हाही मी घरमालकाचंच परत सांगितलं. पप्पा "बरं" म्हणाले. परतीच्या गाडीत आई झोपली. पीटरबरो गेल्यावर पप्पांनी खिडकीतून नजर न हलवता विचारलं, "आठवड्याला किती नाईट लागतात?"

पस्तीस वर्षं नाईट केलेल्या माणसापासून नाईटची झोप लपवायला निघाले होते मी. चार, म्हटलं. "लागोपाठ?" लागोपाठ. "लागोपाठ असलेल्या बऱ्या," ते म्हणाले, "सुट्या सुट्या शरीराला सोसत नाहीत." मग तिसऱ्या रात्री पहाटे तीनला काय खावं, परत आल्यावर आधी अंघोळ की आधी झोप, असं आम्ही लीड्स येईपर्यंत बोललो. दोन ड्युटीवाले बोलतात तसं.

शेवटच्या दोन दिवसांची समुद्रकाठच्या व्हिटबीची तिकिटं रद्द केली. एक दिवस लीड्सच्या कर्कगेट मार्केटला गेलो. १८८४ ला मार्क्स अँड स्पेन्सर या मोठ्या दुकानसाखळीची सुरुवात तिथल्या एका पेनीच्या ठेल्यापासून झाली, हे मी हौसेने सांगत होते, पप्पा मात्र केळीवाल्यापाशी अडकले. कोलंबियाचा शिक्का. एक फणी उचलून देठ बघितला, "कच्चीच तोडून पाठवतात. इथे येऊन पिकतात," म्हणाले, आणि ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी खोलीवर. आईने आल्या आल्या भिंत बघितली, काही बोलली नाही, फक्त विचारलं, "देव कुठे ठेवलेत?" देव सुटकेसमध्ये होते. पप्पांनी गादी दाबून बघितली, खिडकीची कडी लावून-उघडून बघितली. पडदा ओढला, पुरेसा अंधार होतो का ते पाहिलं, ड्युटी संपल्यावर रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतीच्या खोलीत, बघावं तसं.

"रनिंग रूमपेक्षा बरी आहे," म्हणाले.

खर्चाचा आकडा राहिलाच. माझा सांगत नाही, कारण त्यातला निम्मा त्या फ्लॅटच्या भाड्याचा आहे आणि तो तू करायचा नाहीयेस. त्यांना तुझ्या खोलीत झोपव, तू खाली अंथरूण घाल. हॉस्टेलमध्ये पाहुण्यांना किती रात्री राहू देतात ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, करार करायच्या आधी विचारून घे.